ढवळ्याच्या वाट्याची शाबासकी

वेळअमावस्येला उदगीरकडं सगळं गाव शेतात जेवतं. रेवणसिद्धअप्पाही आपल्या शेतात कडब्याच्या कोपीपुढं मांडी घालून बसले आणि बायकोला म्हणाले, "शेजारच्या ग्यानोबाकडं आंबील पिऊन आलो. लई झकास!"

झालं! नागम्मानं भाज्या-डाळींच्या भज्जीच्या पातेल्यावर झाकण आपटलं आणि आंबिलीचं मडकं कडेवर घेतलं.

"अगं, निघालीस कुठं?"

"घरला! चाळीस वर्सं माझ्या हातचं खाऊन राहिलाव. एकदा तरी चांगलं म्हनलाव का?"

"वाईट असतं तर बोललो असतो. गप बसलो म्हंजी चांगलंच की!"

"मग ढवळ्यापुढं का गप बसत न्हाई? बैलाला रोज शाबासकी, आन मला?"

नागम्मा बांधापर्यंत पोचली. अप्पांच्या पोटात कावळे ओरडत होते. कौतुकाला शब्द हवेत, आणि त्यांच्यापाशी होते ते सगळे ढवळ्याचेच. ते धावत गेले, तिची पाठ थोपटली आणि घाईत बोलून बसले, "शाब्बास माझ्या वाघा! तुझ्यासारखं जनावर पंचक्रोशीत न्हाई!"

अप्पांनी जीभ चावली. पण नागम्माला असं हसू फुटलं, की आंबील सांडू नये म्हणून तिला मडकं खाली ठेवावं लागलं.

"पाठ थोपटली, आता वैरण कोन टाकनार?"

अप्पांनी जन्मात पहिल्यांदा बायकोचं ताट वाढलं आणि हळूच म्हणाले, "भज्जी लई चांगली झालीया."

"अवो, अजून चाखली कुठं तुमी?"

"चाळीस वर्सं चाखतोय की!"