धाकट्याचे नऊ शोध

माझ्या भावाला दर दोन दिवसांनी खायला घालायचं काम अकरा वर्षं माझ्याकडे होतं. भाऊ जाऊनही अकरा वर्षंच झाली, तेव्हा हे नीट सांगायला हवं. त्याच्या मांडीत गाठ झाली होती. ती काढली तेव्हा तिचा एक तुकडा आमच्या प्रयोगशाळेत आला. मी तिथे पेशी वाढवण्याचं काम करते, आणि आमच्या सरांना तसली दुर्मिळ गाठ हवीच होती. तुकड्यातून पेशी सुटल्या, चपट्या बाटलीच्या तळाला चिकटल्या आणि रडतखडत वाढायला लागल्या. कागदोपत्री त्यांना एक नंबर होता. पण भावाला घरात सगळे धाकटा म्हणायचे, म्हणून मी बाटलीवरही तेच लिहिलं. हळूहळू सगळी प्रयोगशाळा तेच म्हणायला लागली. "धाकट्याला खायला घातलंस का?" "धाकटा आज जरा मलूल दिसतोय." पाहुण्यांना वाटायचं, आम्ही कोपऱ्यात कुत्रं पाळलंय.

त्या पेशींवरून नऊ शोधनिबंध निघाले. आमच्या बाटल्या दुसऱ्या प्रयोगशाळांनाही जायच्या आणि ज्याला जे हवं ते तो धाकट्याला विचारायचा. जखम भरताना पेशी एकमेकींकडे कशा सरकतात. पेशीच्या आत दिवसरात्रीचं घड्याळ कसं चालतं. सर्दीचा एक विषाणू कुठल्या दाराने आत शिरतो. साखर कमी पडली की पेशी आधी काय खाते. कर्करोग, विषाणू, झोप, म्हातारपण, सगळीकडे आमच्या धाकट्याची हजेरी. शाळेत जीवशास्त्रात दोनदा नापास झालेला मुलगा! तो असता तर पोट धरून हसला असता.

आईने मात्र हे मनावरच घेतलं होतं. नवा निबंध छापून आला की मी तो घरी न्यायचे आणि तिला सोप्या शब्दांत सांगायचे. ती विचारायची, "काय शोधलं आज त्याने?" मग तो निबंध एका निळ्या फाइलमध्ये जायचा. दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला ती प्रयोगशाळेत यायची, हात धुऊन पांढरा कोट घालायची आणि सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसायची. "छान भरलाय," म्हणायची. मी चाक फिरवून चित्र तिला आणखी स्पष्ट करून द्यायचे. त्या गाठीच्या पेशी आहेत, भाऊ नाही, हे मला कळत होतंच. पण वर्षानुवर्षं एखाद्याला खायला घातलं की कळण्याचा फारसा उपयोग होत नाही.

दहावा निबंध अडला. नियतकालिकाने कळवलं की आता पेशींची ओळख पटवल्याशिवाय काही छापणार नाही. म्हणजे पेशींचा जनुकीय ठसा काढायचा आणि मूळ माणसाच्या रक्ताशी जुळवायचा. रुग्णालयात भावाचं रक्त जपून ठेवलेलं होतं. सर म्हणाले, "औपचारिकता आहे, उरकून टाका." मी नमुने पाठवले. आठवड्याने अहवाल आला, दोन ओळींचा. पाठवलेल्या पेशी या रक्ताशी जुळत नाहीत. त्या अमुक पेशींशी पूर्णपणे जुळतात.

अमुक म्हणजे दांडगी. दांडगी हे आम्हीच ठेवलेलं नाव. फार वर्षांपूर्वी गेलेल्या कुणा बाईच्या गाठीतल्या पेशी, ज्या बहुतेक सगळ्या प्रयोगशाळांत असतात. त्या इतक्या वेगाने वाढतात की त्यांचा एक थेंब दुसऱ्या पेशींत पडला, तर आठवडा-दीड आठवड्यात बाटलीत फक्त त्याच उरतात. म्हणून आमच्या खोलीत सर्वांत मोठा नियम असतो, एका वेळी टेबलावर एकच जात, आणि प्रत्येक जातीच्या खाद्याची बाटली वेगळी. नव्या मुलींना हा नियम मीच शिकवते. शिकवताना जरा आवाजही चढवते.

सरांचा चेहरा पडला, पण दुपारपर्यंत ते सावरले. संध्याकाळी त्यांनी दुरुस्तीचा मसुदा मला वाचायला दिला. त्यात लिहिलं होतं, "पेशींच्या ओळखीत चूक झाली असली तरी मूळ निष्कर्षांना बाध येत नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ निबंधांत पहिल्याच ओळीत पुरुष, वय सत्तावीस, मांडीची गाठ असं छापलेलं, आणि बाध येत नाही! पण मी भांडले नाही, कारण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. पेशी बदलल्या कधी?

हा प्रश्न सरांना नव्हता, मलाच होता. भाऊ जिवंत असताना डॉक्टरांपुढे दोन औषधं होती. एक लाल, एक पिवळं. त्याच्या अंगात दोन्ही झेपण्याची ताकद नव्हती, एकच देता येणार होतं. तेव्हा तुकडा आल्याच्या सहाव्या आठवड्यात आम्ही दोन्ही औषधं त्याच्या पेशींवर घालून बघितली. लालने सगळ्या मेल्या, पिवळ्याने जेमतेम थोड्या. डॉक्टरांनी लाल दिलं. चार महिन्यांत तो गेला. तेव्हापासून आईचा एकच आधार होता आणि तो ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. जे करता येण्यासारखं होतं ते केलं, औषधसुद्धा त्याच्याच पेशींवर तपासून दिलं, आमच्या मुलीने स्वतःच्या हाताने तपासलं.

द्रव नायट्रोजनच्या टाकीत त्या काळातल्या कुप्या गोठवलेल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यातल्या दोन, चौथ्यातली एक. दुसऱ्यातली एक आणि चौथ्यातली ती, अशा दोन्हींचे ठसे काढून घेतले. पाच दिवस जीव टांगणीला होता. दुसऱ्या आठवड्यातला धाकटाच होता. चौथ्या आठवड्यातली दांडगी.

मग वही काढली. तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार. माझं अक्षर घाईचं, शेवटची ओळ खाली घसरलेली. "धाकटा व दांडगी, दोन्हींना खाद्य. ३.१०." दोन्हींना एकाच वेळी, एकाच टेबलावर, एकाच बाटलीतून. रुग्णालयात भेटायची वेळ चार ते पाच होती. त्याला आदल्या रात्री उलट्या झाल्या होत्या आणि तो म्हणाला होता, "ताई, उद्या उशीर करू नकोस." मी उशीर केला नाही. चारला पाच कमी असताना मी त्याच्या खाटेशी होते.

पुढच्या आठवड्यात धाकटा एकदम जोमाने वाढायला लागला. दिसायलाही बदलला होता, पण आम्ही म्हटलं, रुळला. मी सगळ्यांना चॉकलेटं वाटली. भावाला जाऊन सांगितलं, "तुझ्या पेशी काय सुसाट सुटल्यात माहीत आहे?" तो डोळे मिटून हसला. म्हणाला, "अगं, मग हरतोय कोण? मीच ना?"

आईला सांगावं की नाही, यावर मी तीन दिवस काढले. न सांगणं सोपं होतं, आणि मला सोपं काही नको होतं. ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून फाइलला नवं लेबल लावत होती. मी सगळं सांगितलं, अगदी तीन वाजून दहा मिनिटांसकट. ती लेबलवर बोट फिरवत राहिली.

"मग मी इतकी वर्षं कुणाला बघायला येत होते?"

"एका बाईच्या पेशी. ती फार पूर्वीच गेली."

"आणि औषध?"

"तेही तिच्याच पेशींवर तपासलं गेलं."

तिने फाइल मिटली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "हे तू मला का सांगितलंस?" ती म्हणाली. "कालपर्यंत मला चार घास जात होते."

खरं सांगायचं तर ते ओझं मला एकटीला पेलवत नव्हतं, म्हणून मी सत्तरीच्या बाईच्या डोक्यावर ठेवलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घालत होते तेव्हा दारात येऊन म्हणाली, "त्याची ती एक कुपी उरलीय ना? पिवळ्याने काय झालं असतं, ते बघता येईल?"

"येईल."

"मग बघ."

सरांनी त्या कुपीला हात लावायची सगळ्यांना बंदी केली होती. तिच्यातून धाकटा पुन्हा वाढवायचा आणि सगळे प्रयोग नव्याने करायचे, असा त्यांचा बेत होता. "आता ती कुपी म्हणजे सोनं आहे," असं ते म्हणाले होते. सर दुरुस्तीची पत्रं लिहिण्यात गुंतले होते. मी दुपारी अडीचला, भरल्या प्रयोगशाळेत, सरळ टाकी उघडली आणि कुपी काढली. मला कुणीच अडवलं नाही. पेशींच्या बाबतीत मला जाब विचारायची तिथे पद्धतच नव्हती.

गोठवलेल्यातल्या निम्म्याहून जास्त मेलेल्या निघाल्या. उरलेल्या कशाबशा प्लास्टिकच्या ट्रेमधल्या तीन छोट्या खळग्यांपुरत्या होत्या. त्या दिवशी टेबलावर दुसरं काहीही नव्हतं. खाद्याची बाटली नवी, हातमोजे दोनदा बदलले. अकरा वर्षांनी नियम असा पाळला की कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. आठ दिवस त्या चिकटून, पसरून, त्यांच्या त्या जुन्या संथ चालीने वाढल्या. लांबट, निमुळत्या. मी त्यांना विसरलेच होते. मग पहिला खळगा तसाच ठेवला, दुसऱ्यात लाल घातलं, तिसऱ्यात पिवळं. औषधाला चार दिवस द्यायचे असतात.

चौथ्या दिवशी आई आली. वाढदिवस नव्हता, त्यामुळे दारावरच्या माणसाने तिला दोनदा विचारलं. तिने हात धुतले, कोट घातला. मी आधी बघितलेलं नव्हतं. आपण एकत्रच बघू, असं ठरलं होतं.

दुसरा खळगा मी आधी सूक्ष्मदर्शकाखाली लावला. लालमध्ये पेशी आरामात होत्या, जणू पाण्यातच ठेवल्या होत्या. म्हणजे चार महिने त्याचे केस गेले, तोंड सोललं, पाणीसुद्धा गिळवेना, ते सगळं फुकट. मी बाजूला झाले. आईने बघितलं. मग तिसरा लावला.

मी बघितलं आणि खुर्ची तिला दिली. तिने बराच वेळ डोळा लावला, चाक पुढेमागे फिरवलं. तिला वाटलं, दिसत नाही.

"इथे तर काहीच नाही," ती म्हणाली.

"हो."

"मेल्या?"

"सगळ्या."

खोलीतला पंखा घरघरत होता. मी सवयीने बोलायला लागले, "आई, डिशमध्ये मेल्या म्हणजे माणसाच्या अंगात मेल्याच असत्या असं..."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "सातव्या निबंधात शेवटी तसंच लिहिलंय. तूच वाचून दाखवलं होतंस." मग म्हणाली, "पण मेल्या."

ती उठेल असं मला वाटलं. ती उठली नाही. "पहिला दाखव," म्हणाली. मी पहिला खळगा लावला, ज्यात काहीच घातलं नव्हतं. ती वाकली. सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "छान भर..." आणि ती थांबली. डोळा काढला नाही, तशीच विचारती झाली, "याच ना त्या? त्याला ज्यांनी खाल्लं?"

"हो."

"म्हणजे मी आज पहिल्यांदा बघतेय."

मला रडू फुटलं. अकरा वर्षांत प्रयोगशाळेत मी रडले नव्हते, इथे रडायचं नाही हाही माझाच नियम. आईने माझ्याकडे बघितलं नाही, जवळही घेतलं नाही. कोटाच्या बाहीने सूक्ष्मदर्शकाची काच पुसली, जी पुसायची नसते, आणि म्हणाली, "यांच्यातही पिवळं घाल."

"सरांना या हव्यात. या जगल्या तर सगळं पुन्हा करता येईल. नऊच्या नऊ."

"घाल म्हटलं ना."

नोकरी जाणार हे मला दिसत होतं. जाऊ दे. मी ट्रे टेबलावर नेला, पिपेट घेतलं, पहिल्या खळग्यात पिवळं सोडलं. दुसऱ्यातलं लाल काढून टाकलं आणि तिथेही सोडलं. इतकं नीट काम माझ्या हातून फार दिवसांत झालं नव्हतं. आईने विचारलं, किती वेळ लागतो. मी म्हटलं, चार दिवस. ती म्हणाली, "मी बसते," आणि पर्स मांडीवर घेऊन खरंच बसली. तेव्हा मी वही ओढली. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली नव्हती, अजून दोनच वाजले होते. तारीख लिहिली, वेळ लिहिली आणि पुढे लिहिलं, धाकट्याला पिवळं दिलं.