अंगणात सुटलेला वास

"माती विषारी आहे का, एका शब्दात सांगा," असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मातीत विष किती, हा एक प्रश्न. त्यातलं अंगात किती शिरेल, हा दुसरा. आमची प्रयोगशाळा दुसऱ्यावर चालते. जहाल द्रावक ओतला तर मातीतलं सगळंच बाहेर येतं, पण गांडुळाच्या पोटात जहाल द्रावक कुठून असणार? म्हणून आम्ही माती स्वच्छ पाण्याने भिजवतो, तिच्यात गांडुळं सोडतो आणि त्यांच्या अंगात काय उतरलं ते मोजतो.

बाबा ज्या कारखान्यात जन्मभर लाकडी खांब डांबराच्या तेलात बुडवत होते, तो बंद पडल्यावर त्याच जागेवर दादाने हौसेने घर बांधलं. त्या तेलाने बाबांची कातडी सडली आणि त्यातच ते गेले. मुलगी रांगायला लागेल म्हणून दादाने माती तपासून मागितली. तेल भरपूर निघालं, पण चिकणमातीने ते इतकं घट्ट धरलं होतं की गांडुळं अगदी ठणठणीत.

"खुशाल रांगू दे," मी छातीठोकपणे सांगितलं.

काही महिन्यांनी दादाने मला घरी बोलावलं. आत येऊ न देता थेट अंगणात नेलं.

"वास घे."

घेतला, आणि अंगावर सरसरून काटा आला. बाबा कामावरून परतले की त्यांच्याआधी घरात शिरायचा तोच वास.

"बाबा आलेत गं," दादाचे डोळे भरून आले. "संध्याकाळी आम्ही सगळे इथेच बसतो. पोरगी तर इथून हलायचं नाव घेत नाही."

"मामंजींना मी कधी पाहिलं नाही," वहिनी म्हणाली. "पण आता ओळख झाल्यासारखी वाटते."

मी भिंतीकडे पाहिलं. कपडे धुण्याच्या मशीनची नळी अंगणात सोडलेली होती. साबणाचं पाणी! आम्ही शहाण्यांनी माती स्वच्छ पाण्याने तपासली होती. फेसाळ चिखलात भाची बसली होती, मूठ तोंडात घालून.

मी धावत जाऊन तिला उचललं. तिची मूठ तोंडातून ओढून काढली.

"दादा, मातीने धरलेलं तेल साबणाने सुटलंय. ह्याच तेलाने बाबांना नेलं. ती नळी काढ आधी!"

तो नळीपाशी गेला, वाकला आणि तसाच थांबला.

"काढतो गं," तो म्हणाला. "पण आजच्या दिवस राहू दे ना त्यांना."