डोंगर चढू न शकणारं झुडूप

मी चहाचं एक जुनं झुडूप आहे. दार्जिलिंगच्या या उतारावर रुजून मला शंभराहून अधिक वर्षं झाली. मोकळं सोडलं असतं तर उंच झाड झालो असतो. पण छाटून छाटून मला माणसाच्या कमरेएवढंच ठेवलं.

मित्रांनो, फाल्गुनातल्या माझ्या पहिल्या पालवीचा फार मान होता. थंडी, धुकं, हलक्या सरी यांतून पानात असा सुवास उतरायचा की चहा चाखणारे डोळे मिटून घ्यायचे. ती पालवी बागेत कामाला येणारी सानुमाया तामाङ खुडायची. तीस वर्षं माझी ओळ तिच्याकडे आहे.

अलीकडे हिवाळे कोरडे जाऊ लागले. यंदा कार्तिकापासून थेंब नाही. पालवी अडून बसली, पानं राठ झाली, त्यांच्याखाली लाल कोळी रस शोषू लागले. ऊन चढलं की खुडणाऱ्या बायका सावलीला सरकत. मी कुठे सरकणार? मग वैशाखात पाऊस असा कोसळला की पानं भराभर सुटली, पण पाणचट.

बागेच्या मॅनेजरसाहेबांनी त्या पानांच्या चहाचा एक घोट घेतला आणि थुंकला. "ही ओळ उपटा. उन्हात तगणारी रोपं लावू."

"साहेब, याने तुमच्यासारखे बारा मॅनेजर पाहिलेत," सानुमाया म्हणाली.

"झुडूप काय बोलतं का गं दिदी?" शेजारची इंद्रकला हसली.

"तुझ्यापेक्षा कमी बोलतं, म्हणून तर टिकलंय!"

साहेबही हसले, पण हुकूम बदलला नाही. तेव्हा सानुमायाने माझ्या अकरा फांद्या मागून घेतल्या. ओल्या शेवाळात गुंडाळून वरच्या गावी, भावाच्या मळ्यात नेऊन लावल्या. तिथे हवा अजून गार आहे. काल येऊन माझ्या खोडावर हात ठेवून म्हणाली, "नऊ वाळल्या रे. दोन जगल्या."

त्या दोघी वर पोचल्या. माझी मुळं मात्र या तापलेल्या मातीत घट्ट अडकली आहेत. ज्यांनी मला इतकी वर्षं धरलं, तीच आता सोडत नाहीत.

मित्रांनो, हवा आम्ही तापवली नाही. तुम्हाला पाय आहेत, हात आहेत. तिला आणखी तापू देऊ नका. त्या दोन रोपांना आणखी वर पळावं लागू नये. त्यांच्या वर डोंगर फारसा उरलेला नाही.

शेजारच्या झुडपाखाली पहार लागली आहे. सानुमाया टोपली पाठीवर घेऊन माझ्याजवळ उभी आहे. आज ती खुडत नाही.