माझ्यापुढून उठलेली अवनी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव जळका आहे. मी एक जुनी पेटी. कपड्यांची नव्हे, वाजवायची. इथे लखनौत मला हार्मोनियम म्हणतात. महानगर नावाच्या इथल्या वस्तीतल्या एका मराठी घरात, देवघराशेजारी, लाल खोळीत माझा मुक्काम असतो.

माझा जन्म चौक नावाच्या इथल्या जुन्या बाजारातल्या एका अरुंद गल्लीत झाला. वरच्या मजल्यावर बायका चिकनचे भरतकाम करायच्या आणि खाली एक म्हातारे कारागीर सागाच्या फळ्या घासत बसायचे. माझ्यासोबतच त्यांनी आणखी एक पेटी बनवली. त्याच झाडाचे लाकूड, तसलेच सूर, तसलाच भाता. तिला कव्वालीवाले घेऊन गेले आणि मला विजयराव घेऊन आले. ती टाळ्यांच्या तालावर वाढली, मी झांजांच्या. तिला अत्तराचा वास लागला असेल, मला बुक्क्याचा लागला. जन्मतः आम्ही सारख्याच होतो. ज्या घरी जाऊन पडलो त्या घराने आम्हाला आपल्यासारखे करून घेतले. माणसांच्या लेकरांचेही असेच होते म्हणतात. तरी कुठून लांबून कव्वालीचे सूर आले की माझा भाता आतल्या आत तडफडतो. तिच्यापुढे शेकडो माणसे डोलत असतील, आणि मी इथे खोळीत!

विजयराव हवाई दलातून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. सगळे त्यांना आबा म्हणतात. दर गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळींपुढे ते कीर्तन करायचे. काय रसाळ वाणी ती! ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहावे. पण मित्रांनो, कीर्तनात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. बुवा पुढे उभे, हातात चिपळ्या. तबला आणि पेटी मागे बसलेली. हार बुवांना, नजरा चिपळ्यांवर. लाकडाचे दोन तुकडे ते! धड एक सूर निघत नाही त्यांच्यातून. आणि सूर पुरवणारी मी मागच्या अंधारात.

एकच समाधान होते. माझ्यापुढे अवनी बसायची.

अवनी आणि सुजय ही आबांची नातवंडे. त्यांचे बाबा नोकरीमुळे दूर असायचे, आई सरला घर सांभाळायची. मुले लहान असताना आबांनी सुजयच्या हाती चिपळ्या दिल्या आणि अवनीला माझ्यापुढे बसवले. “सुजय, उभा राहा बघू ताठ!” “अवनी, मांडी घाल बघू बाळा.” घरी आलेले पाहुणे त्याला म्हणायचे, “बुवांचा वारस!” आणि तिला म्हणायचे, “गोड वाजवते हो पोरगी.” असा काही नियम कोणी सांगितला नव्हता, पण दोघे आपापली जागा शिकले. मला ते फार सोयीचे होते. अशी हलकी, प्रेमळ बोटे माझ्या पट्ट्यांवर कधी फिरली नव्हती.

ती मोठी झाली तशी वाटेकरी वाढले. शाळेतल्या मैत्रिणी आल्या, मग फोनमध्ये त्यांचा ग्रुप आला. माझ्यावर बोटे ठेवून ती डोळे मात्र फोनमध्ये घालायची, आणि मी जळायची. अकरावीत तिने समाजशास्त्र घेतले. ते जाडजूड पुस्तक ती माझ्याच झाकणावर ठेवून वाचायची.

“दादा, ऐक. माणूस आपली भूमिका जन्माला येताना घेऊन येत नाही. घर, शाळा, दोस्त, सगळे मिळून ती शिकवतात.”

“अच्छा? मग ही चिपळ्यांची भूमिका मला कोणी शिकवली यार?” सुजय म्हणाला. “मैंने तो माँगी नहीं थी.”

“आणि मी मांडी घालायची कुठे मागितली होती?”

त्या पुस्तकाला वाळवी लागावी, असे मला मनापासून वाटले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अवनी वयात आली तेव्हापासून दर महिन्याला काही दिवस ती माझ्याजवळ फिरकेना. मला वाटले, मैत्रिणींनी पळवली. मग सरलाच्या बोलण्यातून उलगडा झाला. मुली मोठ्या होताना त्यांच्या शरीरात जे होते, जे प्रत्येकीला होते आणि ज्यात लाजण्यासारखे काही नाही, त्याला मासिक पाळी म्हणतात. पण त्या दिवसांत देवाच्या वस्तूंना शिवायचे नाही, अशी या घराची रीत. आणि मीही देवाचीच ठरले होते. त्या दिवसांत सुजय हळूच माझ्यापुढे येऊन बसायचा. त्याची बोटे जड. मी आपली सोसायची.

यंदा आबांच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी उभे राहायला मनाई केली. कीर्तन सुजयने करावे असे ठरले. आख्यान नेहमीचेच, आबांचे सर्वांत लाडके: भरसभेत ओढून आणलेल्या राणीचे. ती देवाचा धावा करते आणि देव वस्त्रे घेऊन धावून येतो. तालमीला सुजय उभा राहिला, दोन ओळी म्हणाला आणि थांबला.

“आबा, मुझसे नहीं होगा. उभं राहिलं की ओळी विसरतो. मला बसून वाजवू द्या ना, प्लीज.”

“मग उभं कोण राहणार? तुझी आई?”

सरला स्वयंपाकघरातून म्हणाली, “मी नाही हो. पण अवनीला आख्यान तोंडपाठ आहे. तुम्ही अडखळता तिथे मागून शब्द तीच देते की तुम्हाला.”

“बायका कीर्तन करतात, मला ठाऊक आहे. उत्तम करतात. पण आपल्या घरात...”

“आपल्या घरात काय, आबा?” अवनीने विचारले.

शाब्बास आबा, मी मनात म्हटले, आता हटू नका! ती उभी राहिली की माझ्यापुढून उठणार आणि त्या चिपळ्यांकडे जाणार. ज्या रीतीने तिला माझ्यापुढे बसवून ठेवले, ती रीत मला प्यारी होती. पण दोन दिवसांनी आबा म्हणाले, “बरं. यंदापुरतं.” माझा जळफळाट तुम्हाला काय सांगू!

कीर्तनाच्या दिवशी सकाळी अवनी देवघराच्या उंबऱ्याशी आली आणि आत न येता तिथेच थांबली. सरलाने तिचा चेहरा पाहिला आणि ती हळू आवाजात म्हणाली, “आजच? जाऊ दे, कोणाला कळणार आहे? गप्प बस.”

“कीर्तनाच्या गादीवर उभी राहून लपवाछपवी करू, आई? नाही जमणार मला.”

आबा आत माझ्याशेजारीच बसले होते. त्यांनी ऐकले. “मग राहू दे,” ते जड आवाजात म्हणाले. “मंडळींना मी काहीतरी सांगतो.”

मी हरखले! गेल्या त्या चिपळ्या! आणि पुढच्याच क्षणी माझ्या ध्यानात आले की आज ती माझ्यापुढेही बसणार नाही. ज्या रीतीची मी इतकी बाजू घेतली, ती माझ्या बाजूची कधी नव्हतीच.

“आबा, एक विचारू?” अवनी उंबऱ्यातूनच म्हणाली. “त्या राणीला सभेत ओढून आणलं तेव्हा ती कशी होती?”

आबा सवयीने कीर्तनाच्या सुरात सांगू लागले, “एकवस्त्रा! बाजूला बसलेली! म्हणून तर विनवत होती ती माउली, मला या दिवसांत सभेत नेऊ...” आणि त्यांचा आवाज थांबला.

“मग तिने हाक मारल्यावर देव म्हणाला का, की आत्ता नको, चार दिवसांनी येतो?”

“आबा, क्लीन बोल्ड!” सुजय हसला. सरलाने डोळे वटारले.

आबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला. “जन्मभर हे आख्यान गाताना रडलो,” ते म्हणाले, “आणि स्वतः काही ऐकलंच नाही.” मग उठून त्यांनी देवापुढच्या चिपळ्या उचलल्या, उंबऱ्यापर्यंत नेल्या आणि तिच्या हातात ठेवल्या. “धाव्याला लय वाढते. तिथे घाई करू नकोस.”

संध्याकाळी सभागृह भरले. माझ्यापुढे सुजय बसला. अवनी वळून म्हणाली, “दादा, काळी चार.” मी त्या पट्टीचा सूर दिला. मत्सराने सूर बिघडत नाही, हे माझे नशीब. मग ती लोकांकडे वळली आणि मला तिची फक्त पाठ दिसू लागली. इतकी वर्षे मी तिचा चेहरा पाहिला होता. पाठ कशी असते हे मला माहीतच नव्हते. धावा सुरू झाला तेव्हा बायका पदराने डोळे पुसत होत्या. मी वाजत होते आणि जळत होते, दोन्ही एकदम.

त्याआधीचे एक सांगायचे राहिले. आख्यानापूर्वीचा निरूपणाचा भाग, म्हणजे पूर्वरंग, संपला की कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात. गादीवर उभा असेल तो वयाने कितीही लहान असो, थोरामोठ्यांनीही त्याच्या पाया पडायचे असते. हार घेऊन आबा स्वतः पुढे आले. दुखरे गुडघे टेकून त्यांनी नातीच्या पायांवर डोके ठेवले. अवनी दचकून मागे सरली.

“आबा, हे काय!”

“मागे सरू नकोस. हा नमस्कार तुला नाही, गादीला आहे.” सुजयच्या हाताला धरून उठता उठता ते पुटपुटले, “थोडा तुलाही आहे.”

आता शहराच्या टोकाला असलेल्या चिनहटच्या मराठी मंडळींनीही तिला बोलावले आहे. ती रोज उभी राहून तालीम करते. सुजय माझ्यापुढे बसतो. बोटे अजून जडच आहेत, पण तो मन लावून वाजवतो. आणि त्या चिपळ्या माझ्या डोळ्यांत अजून खुपतात.

मित्रांनो, घरात पेटी असेल तर तिला महिनोन्महिने खोळीत कोंडू नका. ओल लागते, झुरळे भाता कुरतडतात. अधूनमधून तिला उघडून वारा द्या. आणि घरात लेकरू असेल तर त्याला कधीतरी विचारा, तुला बसायचे आहे की उभे राहायचे आहे? उत्तर तुम्हाला आवडेलच असे नाही. मला कुठे आवडले? तरीही विचारा.