माळ्यावरचं बंडल

आधीच सांगून टाकते, वायर मी मुद्दाम कापली नाही. नंतर जे केलं ते मुद्दाम केलं. तेही सांगते, पण आधी वायरचं ऐका.

मुंबईत घोडपदेवला आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, भिंतीला भिंत लागून. एकीत मी आणि माझा नवरा लवू. दुसरीत माझा दीर निलेश आणि त्याची बायको अक्षदा, लग्नाला जेमतेम वर्ष झालेली. सासूबाई माझ्याकडे असायच्या. थोडेथोडके नाही, बावीस वर्षं. त्यांची साखरेची गोळी, सकाळचा कोरा चहा, गुडघ्यांना तेल, सगळं माझ्याच हातचं. मग मार्चमध्ये अक्षदाने एसी बसवला आणि चार दिवसांत सासूबाई उशी आणि दोन गोधड्या काखेत मारून तिकडे झोपायला गेल्या. दुपारची डुलकीसुद्धा तिकडेच. मला एका शब्दाने विचारलं नाही.

तर हो, मी जळत होते. लपवायचं कशाला? एसी गेला खड्ड्यात, मला त्याचं काही नव्हतं. पण बावीस वर्षं माझ्या हातचं खाल्लेलं माणूस गार हवेसाठी उठून जातं म्हणजे माझी किंमत काय राहिली?

त्यात एसीची वायर ओढली कोणी, तर माझ्याच नवऱ्याने. लवू वायरमन आहे. माझ्या मोरीतला दिवा तीन महिने फडफडतोय, त्याला हात लावायला साहेबांना वेळ नाही. भावाच्या बायकोची वायर मात्र खालच्या मीटरपासून वर तिसऱ्या मजल्यापर्यंत, पाइपातून, एका रविवारात झाली. शेवटचा पाच-सहा फूट पाइप कमी पडला. मग उघडी वायर गॅलरीच्या कठड्याला सुतळीने बांधली आणि म्हणाला, उद्या पाइप आणतो. तो उद्या मे उजाडला तरी आला नव्हता.

एक मेला अक्षदाच्या खोलीत सत्यनारायण झाला. सव्वा किलो रव्याचा शिरा मी ढवळला, दंड भरून आले. लोकांनी शिरा चाटूनपुसून खाल्ला आणि कौतुक केलं अक्षदाच्या नऊवारीचं. केळीचे खांबही मीच बांधले होते, तिच्या दाराशी, गॅलरीच्या कठड्याला. घरात सुतळीचा एकच गुंडा, लवूने वापरला तोच मी वापरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी केळी मरगळून लोंबायला लागली. अक्षदा ऑफिसात, निलेश बँकेच्या कामाला बाहेर गेलेला, सासूबाई तिच्या एसीत झोपलेल्या. मी गावचा कोयता घेऊन बाहेर आले. डोक्यात शिराच चालू होता. सुतळी दिसली की कोयता घालायचा आणि ओढायचं, असा सपाटा लावला. पानांखाली आणखी एक सुतळी दिसली. कोयता घातला, ओढला, आणि फाडकन आवाज झाला. ठिणगी उडाली. कोयत्याची मूठ लाकडी होती म्हणून आज तुमच्याशी बोलतेय. खाली मीटरपाशी असलेली कळ आपोआप पडली आणि आतला एसी बंद झाला.

सासूबाई घामाघूम बाहेर आल्या आणि विचारलं काय, तर एसी कसा बंद पडला. संध्याकाळी अक्षदा आली. तिने वायरकडे पाहिलंच नाही. माझा हात धरून उलटासुलटा करून पाहिला, शॉक तर नाही ना लागला ताई, म्हणाली. तिच्या त्या चांगुलपणाचाही मला राग आला. सगळं हिच्याकडेच, वर मनही हिचंच मोठं.

लवू आला. मेन बंद करून त्याने टेस्टर लावला, कापलेला तुकडा बोटांत फिरवला आणि माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "मुद्दाम नाही ना केलंस?"

बावीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याने हे विचारावं! अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि खरं सांगू? उत्तर देताना माझीच जीभ अडखळली. म्हटलं, टेप मारून दे ना आणि मिटव. तर त्याने मला शिकवायला घेतलं. ही उघड्यावरची वायर, टेपच्या जोडात पाणी गेलं तर लोखंडी कठड्याला करंट उतरेल, सगळ्या मजल्याचे कपडे त्यावर वाळतात. खालपासून अख्खी वायर बदलायला हवी. मग त्याने विचारलं, त्या वेळी उरलेलं बंडल माळ्यावर ठेवलं होतं ना?

होतं. तांब्याच्या घंगाळामागे, मीच ठेवलेलं.

"भंगारवाल्याला दिलं," मी म्हटलं.

तो कुरकुरला. नवी वायर विकत आणायला रविवारशिवाय सवड नाही, म्हणाला. रविवारला चार दिवस होते. सासूबाई उशी आणि दोन्ही गोधड्या घेऊन माझ्या खोलीत परत आल्या. मी त्यांच्या आवडीची सोलकढी केली, गुडघे चोळले, टेबलफॅन त्यांच्याकडे वळवला. म्हटलं, मिळाले चार दिवस तर मिळाले.

पण कसलं काय! माणूस माझ्या खोलीत आणि जीव भिंतीपलीकडे. अक्षदा जेवली काय, अक्षदाने दाराला कडी घातली काय. सकाळी उठल्या की आधी तिचं दार वाजवायचं आणि मग माझा चहा. चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, लवू वायर आणायला निघायच्या तयारीत होता आणि तेल लावता लावता माझं तोंड सुटलंच. म्हटलं, एवढा का तो एसी लागतो तुम्हाला?

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला काही कळतच नाही.

"एसी कोणाक व्हयो?" त्या म्हणाल्या. "थंडीन माझे गुडघे धरतत. दोन गोधड्यो घेवन निजतंय मी थंय. निलेश रात्रपाळीक जाता, पोर एकटी भियाता. रात्रभर दिवो लावन बसता. रात्री जागरण म्हणान दुपारीय थंयच निजतंय; आता उकडता म्हणान तिनाच माका हंय धाडल्यान."

रात्रपाळी मार्चपासूनच लागली होती. एसीही मार्चमध्येच आला. मी फक्त एसी बघितला.

"आणि मी?" मी विचारलं. मार्चपासून लवू कामासाठी पुण्याला, नाशिकला गेला तेव्हा आठ-आठ दिवस मीही एकटीच होते की.

"तुझो घोर माका कधीच नाय," त्या कौतुकाने म्हणाल्या. "तू कोयतो घेवन फिरणारी बाई."

तेलाची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. बावीस वर्षं कोणाला माझी काळजी करावी लागू नये म्हणून राबले, आणि खरोखरच कोणी केली नाही. रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायची सवयच नाही मला. उठले, स्टूल घेतलं, घंगाळ बाजूला सारलं आणि बंडल खाली आणून लवूच्या पुढ्यात टाकलं.

त्याने बंडलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भंगारवाल्याने परत आणून दिलं वाटतं," एवढंच म्हणाला. त्यापुढे तो ओरडला असता तरी चाललं असतं, पण ओरडला नाही.

लगेच कामाला लागला. अक्षदाला खाली मीटरपाशी उभं केलं, म्हणजे मध्येच कोणी मेन चालू करणार नाही. जुनी वायर खेचून काढली, नवी पाइपातून वर घेतली. उरलेल्या सहा फुटांना कोपऱ्यावरच्या दुकानातून पाइप आणला आणि भिंतीवर क्लिपा ठोकून बसवला. पाइप मी धरला. कठड्याजवळ त्याने सुतळी फिरकू दिली नाही. सात वाजता एसी सुरू झाला आणि त्याचं पाणी माझ्या तुळशीवर टपकायला लागलं. खालून आलेली अक्षदा इतकी खूश झाली की मला मिठी मारली. तिचे डोळे चार रात्रींच्या जागरणाने सुजलेले होते, आणि ती जागरणं मी दिली होती. मी तिला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

निलेश डबा घेऊन विमानतळावर ड्युटीला गेला. सासूबाईंनी उशी घेतली, दोन गोधड्या घेतल्या आणि निघाल्या. उंबरठ्यावर थांबल्या. दुपारपासून मी त्यांच्याशी बोलले नव्हते, ते त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"तुका कसला भय वाटता गो, सुभद्रा?"

बावीस वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. काहीतरी फटकळ ओठांवर आलं होतं, ते बोलले नाही.

"तुम्ही तिकडेच राहाल याचं," मी म्हटलं.

त्या उशी घेऊन गेल्या, जाताना एक गोधडी माझ्या पलंगावर ठेवून गेल्या. त्या परत आल्या की लागेल म्हणून मी ती घडी न मोडता पायथ्याशी सरळ करून ठेवली. एका गोधडीत त्यांना एसी सोसवत नाही, हे आता मला ठाऊक होतं.