फक्त राहणारा माणूस

तिला बँकेचा फोन आला तेव्हा मिस्त्री स्वयंपाकघरात सिंकपाशी उभा होता आणि त्याच्या हातात पाना होता. पुढचा सगळा मनस्ताप त्या एका घटकेतून निघाला, म्हणून ती आधी सांगायला हवी.

मिस्त्री हे त्याचं नाव नव्हे. तो प्लंबर होता, मोठ्या इमारतींच्या नळजोडणीची कामं घ्यायचा. त्याला मिस्त्री म्हणायला तिच्या बाबांनी सुरुवात केली, मग तीही म्हणायला लागली, मग सगळेच. ती स्वतः एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायची. दोघं बरीच वर्षं याच भाड्याच्या घरात एकत्र राहत होती, लग्न न करता, आणि त्याचं दोघांनाही काही वाटत नव्हतं. वाटायचं ते इतरांना.

हिवाळ्यात बाबा गेले. शेवटचे काही महिने ते इथेच होते, या दोघांकडे. ते गेल्यावर थोड्याच दिवसांत घरमालकिणीने कळवलं की ती घर विकायला काढतेय. तुम्हाला हवं असेल तर आधी तुम्ही घ्या, पण फार वेळ लावू नका. बाबांनी मागे ठेवलेले पैसे पहिल्या रकमेला पुरत होते. बाकीच्यासाठी कर्ज. तेही तिच्या एकटीच्या नावावर, कारण मिस्त्रीने तरुणपणी एका भागीदाराबरोबर नळसामानाचं दुकान काढलं होतं, तो भागीदार गल्ल्यासकट पसार झाला, आणि दुकानाचं कर्ज मिस्त्रीने रडतखडत, उशिरा, पण सगळं फेडलं होतं. त्यातलं ‘सगळं’ बँकेला दिसत नव्हतं. ‘उशिरा’ तेवढं दिसत होतं.

तर बँकेचा फोन. त्या दिवशीचा तो तिसरा. आवाज कोवळा होता आणि फार सभ्य होता, त्यामुळे त्याच्यावर डाफरताही येईना. घरात आणखी कुणी सज्ञान व्यक्ती राहते का, असं त्याने विचारलं. ती हो म्हणाली. पती का? नाही. भाऊ? नाही. भाडेकरू? तेही नाही. मग बराच वेळ कळफलक बडवल्याचा आवाज आला आणि सभ्य माणूस म्हणाला की मॅडम, मग ते यादीत बसत नाहीत.

“यादीत ‘इतर’ असेल ना?”

होतं. मिस्त्री ‘इतर’मध्ये बसला. आता या इतरांनी घरात कधी पैसे घातलेत का, काही काम केलंय का, उद्या ते हक्क सांगायला येतील का, हे प्रश्न सुरू झाले. हेच प्रश्न सकाळी एका बाईंनी विचारले होते आणि दुपारी दुसऱ्या एका गृहस्थांनी. तिचं ताटातलं जेवण गार झालं होतं. पुढ्यात एका जाडजूड चरित्राची मुद्रितं पडली होती आणि ती संध्याकाळपर्यंत द्यायची होती. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

“अहो, त्याचं यात काहीही नाही,” ती म्हणाली. “तो फक्त राहतो.”

सभ्य माणसाचं समाधान झालं. त्याने आभार मानले. तिच्या मागे ओट्यावर पाना ठेवल्याचा आवाज झाला. आपटल्याचा नाही, कुणाच्या तरी घरची वस्तू जपून ठेवावी, तसा. मग मिस्त्री बाहेर निघून गेला. नळाचा वायसर झिजला होता आणि तो बदलायला त्याला पाच मिनिटं पुरली असती, पण ती पाच मिनिटं काही आली नाहीत. तिने मुद्रितं पुढे ओढली आणि तिच्या ते ध्यानातही राहिलं नाही.

बँकेला त्याच्याकडून एक पत्र हवं होतं: या घरावर माझा कसलाही हक्क नाही, आणि कर्ज फिटलं नाही तर मी मुकाट्याने घर सोडेन. त्यावर सही करण्याआधी त्याने स्वतंत्र वकील गाठून सगळं समजून घ्यावं, अशीही अट होती. दोघं वकिलांकडे गेली. वकीलबाईंनी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं, कारण तिच्यादेखत त्याला मोकळेपणाने बोलता येणार नाही, असं कायद्याचं मत होतं. भिंतीवर एक घड्याळ होतं आणि ते बंद होतं. ती चरफडत बसली. आपण जणू याला पळवून आणलंय.

तो बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

“काय विचारलं?”

“ही बाई तुमच्यावर दबाव आणते का, म्हणून विचारलं.”

“मग?”

“रोज, म्हटलं.”

ती हसली. तोही हसला, पण त्याचं हसू लवकर संपलं. वकीलबाईंनी त्याला समजावून सांगितलं होतं की उद्या तिने घर विकलं तर तुम्हाला जावं लागेल, आणि यापुढे घरात स्वतःचे पैसे किंवा मेहनत घालायची असेल तर आधी काहीतरी लेखी करून घ्या. तो म्हणाला, बाई हुशार आहेत.

आत्याचा फोन यायचाच होता. बाबांच्या पैशांचं पुढे काय झालं, हे जाणून घेणं ही आत्या बहीण म्हणून आपली जबाबदारी समजायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे कागदावर इतर आणि घरात नवरा. अगं, तुमचं तुम्हाला तरी कळतं का?” शिवाय लग्न केलं असतं तर हे सोपं झालं असतं, असंही ती म्हणाली. सोपं झालं नसतं, मग दुकानाच्या त्या उशिरा फेडलेल्या कर्जाचा डाग आपल्याही अर्जावर पडला असता, हे तिने आत्याला दोनदा सांगितलं आणि मग सोडून दिलं. आत्याला पटवणं हे तिच्या बाबांना जन्मभरात जमलं नव्हतं.

कर्ज मंजूर झालं. सह्या झाल्या, शिक्के बसले, घर तिचं झालं. घरमालकीण किल्ल्यांचा जुना जुडगा देऊन गेली, ज्यातली एकही किल्ली कशालाच लागत नव्हती. दार लावून ती आत आली आणि म्हणाली, “झालं एकदाचं, मिस्त्री.”

“अभिनंदन,” तो म्हणाला.

अभिनंदन. शेजाऱ्याच्या मुलीला बक्षीस मिळाल्यावर म्हणतात तसं. तिला वाटलं, दमला असेल.

पण ते तिथे थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, खिडकी उघडू का? ती म्हणाली, उघड ना, विचारतोस काय. मग त्याने विचारलं, माझी हत्यारांची पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवली तर चालेल का? ती पेटी इतकी वर्षं त्याच कोपऱ्यात होती. भिंतींना कुठला रंग लावायचा, यावर त्याने तिला आवडेल तो म्हणून सांगितलं. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं सरकतं दार एका बाजूने खाली आलं होतं, ते तो रोज सांभाळून उघडायचा आणि तसंच बंद करायचा. चहा झाला की आपला कप विसळून ओट्याच्या टोकाला, बाकीच्या भांड्यांपासून वेगळा, पालथा घालायचा. तो पालथा कप दिसला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि एका कपाने एवढं पेटण्यासारखं काय आहे, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

आणि नळ गळत होता. आधी थेंब थेंब, मग बारीक धार. ती रोज स्वयंपाकघरातल्याच टेबलाशी मुद्रितं तपासायची; वाक्य कुठे थांबावं हे ठरवायचा तिचा धंदा, आणि आता प्रत्येक वाक्याच्या मध्येच नळ आपलं टपकन मत द्यायचा. तिने तोटीला चिंधी बांधली. थेंब चिंधीवरून उतरायला लागला, एवढाच काय तो फरक.

“मिस्त्री, तो नळ.”

“हो, गळतोय.” त्याने वर्तमानपत्र उलटलं. “प्लंबरला बोलव.”

ती हसायला लागली. मग पाहिलं तर तो थट्टा करत नव्हता. तिने त्याला वेड लागलंय का विचारलं. वायसर बदलला म्हणून कुणी घराचा मालक होत नाही, बँकवाले काही सिंकखाली लपून बसलेले नाहीत, असं सगळं सुनावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. आज वायसर, उद्या पाइप, परवा अख्खं न्हाणीघर, असंच होत जातं, तो म्हणाला. काम कुठे थांबवायचं हे मला कळत नाही, म्हणून सुरूच करत नाही. वर वकीलबाईंचा हवाला दिला. तिने वकीलबाईंना मनातल्या मनात जे म्हटलं ते छापण्यासारखं नव्हतं.

मग तीही हट्टाला पेटली. बोलाव म्हणतोस ना, बोलावते. सुट्टीच्या सकाळी तिने खरोखरच एक प्लंबर बोलावला.

आलेला माणूस गोल, आनंदी आणि फार बोलका होता. पिशवीतून त्याने जो पाना काढला तो पाहूनच मिस्त्रीच्या गळ्यातून एक बारीक आवाज निघाला. मिस्त्री दारात उभा होता, हात पाठीमागे बांधून. प्लंबरने नळ उघडायला घेतला तो उलट्या बाजूने. मिस्त्रीने डोळे मिटले. प्लंबरने टेपची गुंडाळी काढली आणि आट्यांवर गुंडाळतच राहिला, हाडाला प्लास्टर घालतात तशी. मिस्त्री एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला. आपल्या पोराला दुसऱ्याच्या हातून मार खाताना बघणाऱ्या बापाचा असतो, तसा त्याचा चेहरा झाला होता. तिला त्याची दया आली, आणि आनंदही झाला. आता बोलेल, तिला वाटलं. आता तरी पुढे होईल.

प्लंबरनेही ते पाहिलं असावं. “काय साहेब,” तो म्हणाला, “तुम्हालाही कळतं वाटतं यातलं?”

“थोडंफार.”

“मग मला कशाला बोलावलंत? स्वतःच्या घरचा नळ माणूस स्वतः करतो.”

“घर बाईंचं आहे,” मिस्त्री म्हणाला. “मी फक्त राहतो.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला उत्तर देता आलं असतं. आपलंच वाक्य, जसंच्या तसं, शब्दाला शब्द. आणि त्याबरोबर तिला तो गार झालेला भात, ते चरित्र, आणि ओट्यावर जपून ठेवलेला पाना, सगळं एकदम आठवलं. प्लंबर नवीन वायसराबद्दल काहीतरी सांगत होता. तिने त्याला पैसे दिले, दारापर्यंत सोडलं आणि दार लावलं. ती परत आली तेव्हा नळातून पहिल्यापेक्षा जोरात पाणी येत होतं.

“ते मी बँकेला सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“खरंच होतं की.”

“बँकेपुरतं खरं होतं.”

“घराच्या बाबतीत बँकेचंच चालतं.” तो सिंककडे बघत होता. “मला राग नाही आला. इतर तर इतर. पण मग इतरांनी इतरांसारखं राहावं. उद्या कुणी म्हणायला नको, बाप गेला, पैसे आले आणि हा नळ दुरुस्त करत करत घरात शिरला.”

“आत्या म्हणेल. आत्या तसंही म्हणेल.”

यावर त्याला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. त्याने टेबलावरचा तिचा चहाचा कप उचलला, आपलाही घेतला, दोन्ही विसळले, आणि आपला कप ओट्याच्या टोकाला पालथा घातला.

तिने तो कप उचलला. कुठे ठेवावा कळेना म्हणून हातातच धरून उभी राहिली.

“बाबा इथे होते तेव्हा आपला कप असाच ठेवायचे,” ती म्हणाली. “आठवतं तुला? आणि अंधार पडला की त्या खुर्चीतून विचारायचे, दिवा लावू का? रोज. मी रोज म्हणायची, लावा ना बाबा, विचारता काय. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. माझ्याच घरात माझा बाप पाहुण्यासारखा राहिला आणि पाहुण्यासारखाच गेला. पहाटे, कुणाला न उठवता.”

तो ओले हात पुसत राहिला.

“त्यांनी ठेवलेल्या पैशांत हे घर घेतलंय. त्यात मला आणखी एक पाहुणा नकोय. तुझ्या हक्काचं काय ते वकीलबाईंना कळू दे, ते मला कळत नाही. पण तू विचारू नकोस. काही म्हणजे काहीच विचारू नकोस.”

“बरं,” तो म्हणाला. नुसतं बरं. तिला अजून काहीतरी हवं होतं, निदान एखादं पूर्ण वाक्य. ते आलं नाही. तो वर्तमानपत्र घेऊन खिडकीशी बसला. कप तिने शेवटी बाकीच्या कपांत ठेवून दिला. पुढचे दोन दिवस नळ गळत राहिला आणि ती मिस्त्रीशी तुटक बोलत राहिली, आणि तिने मनाशी ठरवून टाकलं की काही माणसांना सांगून काही उपयोग नसतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला लवकर निघायचं होतं. चरित्राचे लेखक स्वतः कार्यालयात येणार होते, आणि ते उशिरा आलेल्या माणसाला आपलं पुढचं चरित्र ऐकवत. ती न्हाणीघरात होती. केसांना साबण लावून झाला होता, डोळे मिटलेले, आणि शॉवरचं पाणी हळूहळू बारीक होत होत बंद झालं.

तिने नळ फिरवला. दुसरा फिरवला. बादली रिकामी होती. साबण भुवयांवरून खाली उतरायला लागला.

“मिस्त्री!”

स्वयंपाकघरातून लोखंडावर लोखंड वाजल्याचा आवाज आला. मग काहीतरी मोठं खाली पडलं. कपाटाचं दार असावं.

“अरे, पाणी कुणी बंद केलं?”

“मी,” आवाज खालून कुठूनतरी, सिंकच्या आतून आल्यासारखा आला. “मेन व्हॉल्व्ह बंद केलाय. सगळा पाइपच बदलतोय. त्या गाढवाने आटे घालवलेत.”

“आत्ता? माझ्या केसांना साबण आहे. मला कामावर जायचंय. निदान विचारायचं तरी!”

पाना वाजायचा थांबला. डोळे चुरचुरत होते. तिने टॉवेल शोधायला हात पुढे केला, तो खुंटीवर नव्हता. कुणीतरी तो सिंकखाली अंथरायला नेला होता.

“नाही विचारणार,” मिस्त्री म्हणाला, आणि पाना पुन्हा वाजायला लागला.