तो लाल डाग पुसायचा नाही

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. जुना म्हणा, जाडा म्हणा, मला राग नाही. भंगार म्हणालात तर मात्र आपली दोस्ती तिथेच संपली. परवा दिवाळीच्या साफसफाईत धावजी भंगारवाल्याने मला माळ्यावरून उतरवलं. उतरवताना तो नेमका तोच शब्द बोलला, आणि वर माझ्या पडद्याच्या चौकटीवरचा लाल डाग नखाने खरवडायला लागला. माझ्या मालकिणीने, अनघाने, त्याचा हात धरला. "डाग राहू द्या," ती म्हणाली, "आणि कॉम्प्युटरही राहू द्या." धावजी मान हलवत निघून गेला. तुम्हीही तसंच निघून जाऊ नये म्हणून त्या डागाची गोष्ट सांगतो.

माझा जन्म नागपुरात, सीताबर्डीवरच्या एका दुकानात झाला. माझा डबा एका ठिकाणचा, पडदा दुसऱ्या ठिकाणचा, कीबोर्ड तर कुणीतरी वापरून सोडलेला. अनघा तेव्हा नागपूरच्या एका कंपनीत वेबसाइट बनवायची. दुसऱ्याच्या नावाने किती दिवस काम करायचं, असं म्हणत तिने एक दिवस नोकरी सोडली आणि मला गोधडीत गुंडाळून एसटीने दारव्ह्याला घरी आणलं. पडदा तिच्या मांडीवर होता. कंडक्टरने विचारलं, "टीव्ही हाय का?" ती म्हणाली, "नाही, माझं दुकान आहे."

घरात मात्र या दुकानाचं फारसं स्वागत झालं नाही. तिचे बाबा कमलाकरराव तहसील कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांचीही नोकरीच. या घरात माणूस सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो आणि संध्याकाळी परत येतो, याला काम म्हणत. मुलगी दिवसभर घरात बसून कॉम्प्युटरकडे बघते, याला काय म्हणायचं हे कुणालाच कळेना. शेजारच्या बायका आई शोभाताईंना विचारत, "अनघाला नोकरी लागली नाही का अजून?" बाबांनी गावातल्या एका शाळेत तिच्यासाठी कारकुनाची जागा बघून ठेवली होती. दिवाळीपर्यंत तुझं हे चाललं तर चाललं, नाहीतर शाळेत जायचं, असं ठरलं होतं.

त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे रोज पेपरात यायचं. कापसाला भाव नव्हता, बोंडअळीने पीक खाल्लं होतं, आणि गावोगावी कॅमेरे घेऊन माणसं फिरत होती. वीज तर यायची कमी आणि जायची जास्त. इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं, म्हणून कुणाचा फोन आला की इंटरनेट गुल. अशा गावात, अशा दिवसांत, या मुलीने वेबसाइटचा धंदा उघडला होता. मला तिचा फार अभिमान वाटायचा, आणि अजून वाटतो.

गिऱ्हाइकं आली, पण कशी? कुणी दहावीचा निकाल बघायला, कुणी लग्नपत्रिका छापायला. दिग्रसच्या एका क्लासवाल्या सरांना वेबसाइट हवी होती, पण त्यावर गोल फिरणारी पृथ्वी, पळणारी अक्षरं आणि लक्ष्मीची पावलं तिन्ही एकदम पाहिजेत. अनघाने पृथ्वी फिरवली, अक्षरं पळवली, पावलंही उमटवली. माझा जीव मेटाकुटीला आला. सर मात्र खूश होऊन गेले आणि नंतर त्यांनी भावाला पाठवलं.

नवरात्रात खंडेनवमीला शोभाताईंनी पाटावर विळी, पाटा-वरवंटा, शिवणयंत्र मांडलं. अवजारांची पूजा होती. अनघाने मलाही त्या ओळीत बसवलं. शोभाताई थबकल्या. "याला कशाला?" अनघा म्हणाली, "आई, माझं अवजार हेच आहे." मग त्यांनी माझ्या चौकटीला हळद-कुंकवाचं बोट लावलं. पण मनापासून लावलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसलं तर ते लगेच निघूनही गेलं.

दसऱ्यानंतर मोठं काम आलं. मुंबईच्या एका मदत गोळा करणाऱ्या संस्थेला आमच्या भागातल्या बायकांवर वेबसाइट करायची होती. सलील नावाचे साहेब फोनवर फार गोड बोलत. बोरी अरबच्या बायकांचा एक गट स्वतःच्या शेतातल्या कापसाच्या वाती वळायचा, समईच्या लांब वाती आणि निरांजनाच्या फुलवाती. त्यांची माहिती आणि फोटो गोळा करून अनघाने साइट उभी करायची. हे काम नीट झालं तर त्या संस्थेची पुढची सगळी कामं तिलाच मिळणार होती. शाळेतली कारकुनी टळणार होती. घरात पहिल्यांदाच बाबांनी विचारलं, "मुंबईहून फोन आला होता का?"

अनघा गावातल्या फोटो स्टुडिओतला कॅमेरा मागून आणून बोरी अरबला गेली. साहेबांनी बजावलं होतं, बायकांना घरातल्या साध्या कपड्यांत, आहेत तशा टिपा. पण आमच्याकडे फोटो काढायचा म्हटल्यावर घरातल्या कपड्यांत कोण उभं राहील? गटाच्या प्रमुख विमलताई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या, केसांना तेल, कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू. मांडीवर वातींचं सूप आणि तोंडभर हसू. त्यांचे यजमान घनश्यामभाऊ कापसाचं गाठोडं घेऊन मागून जात होते, तेही अर्धे फोटोत आले. तो फोटो माझ्या पडद्यावर उघडला तेव्हा अख्खी खोली उजळली.

अनघाने त्याचा छोटासा नमुना मुंबईला पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज एवढा मोठा की रिसिव्हरमधून मलाही ऐकू येई.

"फोटो छान आहे हो, पण कामाचा नाही. या बाई सुखी दिसतात. मागचा माणूस कापा, रंग काढून काळापांढरा करा आणि कपाळावरचं कुंकू तेवढं पुसून टाका. मजकुरात आपण विधवा लिहू."

"पण त्यांचे यजमान आहेत. मागे गाठोडं घेऊन तेच आहेत."

"अहो, कोण बघायला येतंय? लोक पाझरल्याशिवाय मदत करत नाहीत. आपण हे त्यांच्यासाठीच करतोय ना? दुपारी फोन करतो, तोवर मोठा फोटो तयार ठेवा."

अनघा माझ्यासमोर येऊन बसली. तिने फोटो मोठा केला, इतका मोठा की पडद्यावर फक्त विमलताईंचं कपाळ उरलं. मग पुसायचं साधन उचललं. माउसचा बाण कुंकवाच्या कडेला जाऊन थांबला. मित्रांनो, कॉम्प्युटरला पुसणं अवघड नसतं. बोटाचा एक दाब, की संपलं. आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. बॅटरीचा डबा टूं टूं करायला लागला. मला बंद पडता आलं असतं. पण मी हट्टाने जागा राहिलो, कारण वीज आली की तोच प्रश्न पुन्हा समोर येणार होता. नाही म्हणायचं तर ते तिनेच म्हणायला हवं होतं. माझी सबब मी तिला देणार नव्हतो.

शोभाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "अनघा," त्या म्हणाल्या, "कॉम्प्युटरवर पुसलं तरी ते पुसलंच ना ग?"

अनघाने हात मागे घेतला. फोटो जसा होता तसाच ठेवला आणि मला स्वतःच्या हाताने बंद केलं.

दुपारी वीज आली आणि पाठोपाठ काळीपिवळी जीपमधून विमलताई आणि घनश्यामभाऊ आले. आपला फोटो पडद्यावर कसा दिसतो हे बघायचं होतं त्यांना. विमलताई बघून लाजल्या. "इतली मोठी दिसून राह्यली मी!" घनश्यामभाऊ म्हणाले, "अन् मी अर्धाच काहून?" सगळे हसत असतानाच फोन वाजला.

"मोठा फोटो पाठवताय ना?" सलील साहेबांनी विचारलं.

"नाही," अनघा म्हणाली. "विमलताईंचे यजमान जिवंत आहेत. मी कुंकू पुसणार नाही, आणि पुसलेला फोटो माझ्या हातून कुठेही जाणार नाही."

घनश्यामभाऊंचं हसू मावळलं. "अनघाताई, मले जितेपणी मारून टाकलं का हो त्याईनं?"

विमलताईंनी रिसिव्हर मागून घेतला. आयुष्यात त्या फोनवर फार बोलल्या नसतील, पण त्या दिवशी त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला.

"साहेब, मी विमल बोलून राह्यली. माहा धनी माह्याजवळ उभा हाय. आमच्या गटात चंदाबाई हाय, तिचा धनी खरंच गेला. तिचं दुख तिचं हाय. तिच्या घरी कॅमेरेवाले आले अन् म्हने, बाई, रडून दाखवा. ते दुख आता उसनं घेऊन माह्या कपाळाले कायले लावता? आमाले रडनं इकायचं नाई. आमाले वाती इकायच्या हायेत. घ्याच्या असतीन त घ्या, नाई त राहू द्या!"

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. रिसिव्हर परत अनघाकडे आला तेव्हा तिला एवढंच ऐकू आलं की काम रद्द. मोठा फोटो माझ्याच पोटात होता, तो तिथेच राहिला.

इतका वेळ कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. "आता पुढे काय?" त्यांनी विचारलं.

"आता वातींची वेबसाइट," अनघा म्हणाली. "मुंबईची नाही. यांची."

बाबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. शाळेचा विषय त्यानंतरही घरात निघायचा, पण हळू आवाजात.

निघताना शोभाताईंनी विमलताईंना थांबवलं. आमच्याकडे घरी आलेली सवाष्ण हळद-कुंकू न लावता जात नाही. त्यांनी करंडा आणला आणि विमलताईंच्या कपाळावर, सकाळी ज्यावर बाण रोखला होता त्याच जागी, ठसठशीत कुंकू लावलं. मग बोट तसंच भरलेलं ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. खंडेनवमी नव्हती, पाट मांडला नव्हता. त्यांनी माझ्या चौकटीवर बोट टेकवलं आणि जोरात दाबलं. या वेळी ते मनापासून होतं. नंतर कितीदा फडकं फिरलं, तो डाग गेला नाही.

ती वेबसाइट एकाच पानाची झाली. वर विमलताईंचं हसू, मागे अर्धे घनश्यामभाऊ, खाली वातींची माहिती. ऑर्डरी हळूहळू आल्या. आधी अमरावतीहून, मग पुण्याहून. दिवाळी आली आणि गेली, अनघा शाळेत गेली नाही. आज तिच्याकडे पातळसा लॅपटॉप आहे आणि यवतमाळात स्वतःचं ऑफिस आहे. मी माळ्यावर असतो. उंदरांनी माझी वायर कुरतडली, पालीने डब्यात अंडी घातली, तरी मी आहे.

मित्रांनो, तुमच्या हातातल्या छोट्याशा फोनवर आता एका बोटाने माणसाचं काहीही पुसता येतं. हसू पुसता येतं, सोबतचा माणूस पुसता येतो. ते बोट जपून वापरा. आणि कधी आमच्या घरी आलात, तर माझ्यावरची धूळ खुशाल झटका, जाळी काढा, मला बरंच वाटेल. पण चौकटीवरच्या त्या लाल डागापाशी आलात की फडकं बाजूला ठेवा. तेच कुंकू लोक एका बाईच्या कपाळावरून पुसायला निघाले होते, आणि आम्ही पुसू दिलं नाही.